फीत आहे, वाचणारे यंत्र नाही : जालन्याच्या दप्तरापासून टेप ड्राइव्हपर्यंत

सप्टेंबर २०२३. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव राज्यभर पोहोचले आणि त्यापाठोपाठ मराठवाड्यातील अभिलेख कक्षांची कुलुपे उघडू लागली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता. खासरा पत्रके, कोतवाल बुके, शाळांची प्रवेश निर्गम रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी असे कागद रुमालांतून बाहेर निघाले. कागद होते, अडचण निराळीच निघाली. त्यांतील कित्येक पाने मोडीत होती, कित्येक उर्दूत, आणि ती वाचू शकणारी माणसे शोधून आणावी लागली.

अशा शोधात पणाला काय लागलेले असते, ते मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पणजोबांच्या नावापुढील एक शब्द, एका सर्व्हे नंबरापुढील एक नाव. त्यावर जातीचा दाखला, शाळेतील प्रवेश, जमिनीचा दावा उभा राहतो. तो शब्द कागदावर सुरक्षित आहे एवढ्याने भागत नाही. तो वाचून दाखविणारा कोणीतरी हयात असावा लागतो.

नेमकी हीच अडचण पुढच्या काळातील एका दप्तरालाही येऊन भिडली आहे, पण तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. १९८० आणि १९९० च्या दशकांत कार्यालयांत संगणक आले, त्यांच्याबरोबर तपकिरी रंगाची चुंबकीय फीत आली, आणि त्या फितीवर दररोज संध्याकाळी कार्यालयाची दुसरी प्रत लिहिली जाऊ लागली. हा धागा त्या फितीचा, ती चालविणाऱ्या टेप ड्राइव्हचा, तो बसविताना व दुरुस्त करताना होणाऱ्या खटपटीचा आहे. संगणकाच्या इतिहासात प्रोसेसरला मान मिळतो. टेप ड्राइव्हच्या वाट्याला तळटीपसुद्धा येत नाही. पण दप्तर टिकते की जाते, हे पुष्कळदा त्या उपेक्षित खोक्यावर ठरले आहे.

प्रत राखण्याची कल्पना मात्र संगणकाने आणलेली नाही. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतची इनामपत्रे पाहिली, तर शेवटी एक ठरावीक सूचना पुन्हा पुन्हा आढळते. स्थानिक अंमलदारांनी दरवर्षी नव्या पत्राची मागणी करू नये. या पत्राची तालीक लिहून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी धारकाकडे परत द्यावे, असा तिचा आशय. असल म्हणजे मूळ, तालीक म्हणजे नक्कल. मूळ इनामदाराच्या घरी, नक्कल दप्तरात. घर जळाले तर दप्तराचा आधार, दप्तर लुटले गेले तर घराचा. आज संगणकतज्ज्ञ एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवण्याचा आग्रह धरतात, तो शहाणपणा इनामपत्राच्या शेवटच्या ओळीत मुरलेला होता.

जालन्याच्या दप्तराला तर स्थलांतराची सवयच आहे. जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून तो झाला. त्याआधीचा इतिहास निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारभाराची भाषा फारसीवरून उर्दूवर आली, गावपातळीवर मोडी चालत राहिली. १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली. मराठवाड्यातील जमिनीच्या वादात तिची पत्रके आजही पुरावा म्हणून काढली जातात. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शंभर वर्षांच्या आत एकाच शेताची नोंद तीन लिप्यांतून आणि चार राज्यव्यवस्थांतून फिरली. प्रत्येक वेळी कोणीतरी कारकून जुने पाहून नवे लिहीत होता. त्याच्या हातून एक नाव सुटले की पुढच्या सर्व प्रतींतून ते सुटले.

चौथे स्थलांतर संगणकाचे.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ ची. पुढील दशकात या संस्थेने उपग्रहाच्या साहाय्याने निकनेट हे जाळे उभारले आणि जिल्हा मुख्यालयांत संगणक केंद्रे सुरू केली. भारतातील बहुतेक जिल्हाधिकारी कार्यालयांनी पाहिलेला पहिला संगणक तो हाच. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यांत वर्ध्याची निवड झाली होती. मराठवाड्याची पाळी नंतर आली. सातबारा संगणकावर चढू लागला तेव्हा आरंभी माहिती तालुक्याच्या पातळीवरील संगणकांतच असे. राज्यभराची माहिती एका ठिकाणी, मध्यवर्ती सर्व्हरवर नेण्याची व्यवस्था बरीच पुढची. म्हणजे तालुक्याच्या संगणकाची डिस्क गेली तर तालुक्याचे दप्तर गेले, आणि त्याची दुसरी प्रत काढण्याचे काम तेथल्याच माणसांच्या हाती.

बँकांची कथा समांतर चालते. डॉ. रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला. त्याआधी १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला होता आणि संगणकाला ‘संगणक’ म्हणणेही त्या काळी जपून चालत असे. शाखेत आलेल्या यंत्राचे अधिकृत नाव होते खतावणी यंत्र, इंग्रजी आद्याक्षरांनी एएलपीएम. पुढे केंद्रीय दक्षता आयोगाने सरकारी बँकांना बहुतांश व्यवहार ठरावीक मुदतीत संगणकावर आणण्यास भाग पाडले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस लहान शहरांतील शाखांतही सर्व्हर येऊन बसले. मराठवाड्यात जुन्या हैदराबाद राज्याचा वारसा सांगणारी स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही मोठी बँक होती. तिचे खातेपुस्तक जाड कापडी बांधणीतून डिस्कमध्ये गेले तो काळ हाच. दिवसअखेर करताना शेवटचे काम बॅकअपचे: फीत घालायची, आज्ञा द्यायची, दिवा विझेपर्यंत थांबायचे, फीत काढून तिजोरीत ठेवायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची.

आता त्या फितीविषयी.

चुंबकीय फितीचा शोध ध्वनिमुद्रणासाठी लागला. फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन अभियंत्याने १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी चिकटविली. संगणकात फीत आली १९५१ मध्ये, युनिव्हॅक यंत्राबरोबर. ती मात्र धातूची होती. १९५२ मध्ये आयबीएमने ७२६ हे यंत्र आणले आणि प्लॅस्टिकची अर्धा इंच रुंदीची फीत रूढ झाली. चित्रपटांत मोठाली चक्रे थांबत थांबत फिरताना दिसतात ती याच कुळातील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा महाराष्ट्रातील शास्त्रज्ञांची ओळख अशा फितींशी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली ती त्यांची धाकटी भावंडे.

त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे पाव इंची कार्ट्रिज. थ्रीएम कंपनीने ती १९७२ मध्ये बाजारात आणली. वहीपेक्षा लहान, खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, वर पारदर्शक झाकण, आत दोन रिळे आणि त्यांना फिरविणारा एक ताणलेला लवचीक पट्टा. डीसी ६०० प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये ६०० फूट फीत असे. ड्राइव्ह ती सेकंदाला ९० इंच वेगाने पळवीत असे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एक रेघ लिहायची, मग उलट येताना शेजारची, अशा नऊ रेघा. शेतात औत जसे जाते आणि वळून परत येते तसे. गणित सोपे आहे: एका फेरीला ८० सेकंद, नऊ फेऱ्यांना १२ मिनिटे, आणि तेवढ्यात ६० मेगाबाइट. आज मोबाइलमधील काही छायाचित्रांत ही जागा संपते. पण तेव्हा दुसरा पर्याय १.२ मेगाबाइटच्या फ्लॉपीचा होता. पन्नास फ्लॉप्या एकामागोमाग घालणे आणि त्यांतली सदतिसावी खराब निघणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले त्यांना कार्ट्रिज हे वरदान वाटले असल्यास नवल नाही.

पुढे १९८९ मध्ये डीडीएस आली. मूळ ध्वनिमुद्रणासाठी काढलेल्या चार मिलिमीटरच्या डॅट कॅसेटचा तो संगणकी अवतार. कार्यालयांत तिला नुसते ‘डॅट’च म्हणत. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट आणि क्षमता एकदम गिगाबाइटच्या घरात. तिच्यात व्हीसीआरप्रमाणे गरगर फिरणारे नळकांडे असते आणि फितीवर तिरप्या रेघा उमटतात. जागा वाढली, नाजूकपणाही वाढला.

ड्राइव्ह बसविणे हे वरवर पाहता चार स्क्रूंचे काम. खोक्यात जागा करायची, वीज जोडायची, पट्टीसारखी रिबन केबल लावायची. केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती कनेक्टरच्या पहिल्या पिनकडे आली पाहिजे. खरी खोच पुढे होती. सर्व्हरमधील उपकरणे स्कझी नावाच्या जोडणीवर एका माळेत ओवलेली असत, आणि माळेतील प्रत्येकाला शून्य ते सात यांपैकी स्वतःचा क्रमांक लागे. सात बहुधा नियंत्रक कार्डाचा, शून्य डिस्कचा. टेप ड्राइव्हला अनेकदा चार देत. हा क्रमांक ड्राइव्हच्या मागील बाजूस दाण्याएवढे जंपर लावून ठरवायचा. दोन उपकरणांना एकच क्रमांक गेला की कधी टेप दिसत नसे, कधी डिस्कच दिसेनाशी होई. एकाच सर्व्हे नंबरावर दोन खातेदार चढावेत आणि तलाठ्याने हात वर करावेत, तशी यंत्राची अवस्था.

त्याहून फसवा दोष टर्मिनेटरचा. माळेच्या दोन्ही टोकांना रोधकांचा एक लहान तुकडा बसवावा लागतो. तो नसला तर केबलमधून गेलेला विद्युत संकेत टोकावर आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. रिकाम्या वाड्यात हाक मारली असता प्रतिध्वनीत पुढचे शब्द बुडतात तसे. गंमत अशी की टर्मिनेटर नसतानाही ड्राइव्ह पुष्कळदा चालतो. लहान फाइल नीट लिहिली जाते, मोठी मध्येच अडते. आज चालते, उद्या नाही. अशा वेळी दोष कॅसेटवर ढकलला जातो, नव्या कॅसेटी मागविल्या जातात, आणि चूक मात्र केबलच्या टोकाशी बसून राहते. डिस्क व टेप यांच्या मध्ये तिसरे उपकरण जोडले गेले आणि टर्मिनेटर मधल्यावरच राहिला, हाही त्याच घराण्यातील दोष.

जोडणी झाली की कार्यप्रणालीला नव्या पाहुण्याची ओळख करून द्यायची. त्या काळी कार्यालयांत व शाखांत झेनिक्स आणि एससीओ युनिक्स यांचा बराच प्रसार होता. तेथे टेपची नोंद करून प्रणालीचा गाभा पुन्हा जोडून घ्यावा लागे आणि यंत्र बंद करून चालू करावे लागे. मग आज्ञा. युनिक्समधील ‘टार’ ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे आणि तिचे नावच मुळी ‘टेप अर्काइव्ह’ यावरून आले. आज ज्या विद्यार्थ्यांनी टेप कधी पाहिली नाही, तेही फाइलींची गाठोडी बांधताना तीच आज्ञा देतात. शब्दांचे आयुष्य वस्तूंपेक्षा मोठे असते. रुपया चांदीचा राहिला नाही तरी रुपयाच म्हणविला जातो.

नवी कार्ट्रिज घातल्यावर लगेच लिहायला घेणे हा उतावळेपणा. प्रवासात हेलकावे बसून आतील फीत कुठे सैल, कुठे घट्ट झालेली असते. म्हणून आधी तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन परत गुंडाळायचे, याला रीटेन्शन म्हणत. दोन अडीच मिनिटांचे काम, घाईत हमखास वगळले जाणारे. कार्ट्रिजच्या कोपऱ्यात एक फिरकी असते. बाण ‘सेफ’कडे वळवला की लिहिणे बंद. ‘टेपवर लिहिता येत नाही’ ही तक्रार आली की अनुभवी अभियंता आधी ती फिरकी पाहत असे, मग अवजारांची पिशवी उघडत असे.

पुढचे दोष हवामानाचे. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा, काळ्या मातीची बारीक धूळ, जिनिंगचा कापसाचा उडता तंतू, पावसाळ्यात दमट भिंती आणि वर्षभर विजेची अनिश्चितता. जालन्यासारख्या गावात चुंबकीय फितीला मानवणारे असे फारसे काही नव्हते. फितीवरील ऑक्साइडचा थर वाचक शीर्षावर घासून बसतो, त्यात धूळ मिसळते. एका केसाइतका थरही शीर्ष आणि फीत यांच्यामध्ये दरी निर्माण करतो. कार्ट्रिजच्या ड्राइव्हमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या बोळ्याने शीर्ष पुसायचे. डॅटसाठी वेगळी स्वच्छता कॅसेट असते. ओल वाढली की फितीवरील चिकटणारा थर पाणी शोषून चिकचिकीत होतो. आणि भारनियमन! बॅकअप अर्ध्यावर असताना वीज गेली, यूपीएसच्या बॅटरीने दम सोडला, तर फितीवर समाप्तीची खूण लिहिलीच जात नसे. दुसऱ्या दिवशी लेबलवर कालची तारीख, आत निम्मे दप्तर.

आणखी एक विकार कानाला ओळखू येतो. टेप ड्राइव्हला माहितीचा ओघ अखंड लागतो. संगणक धीमा असला, किंवा त्याच वेळी खिडकीवर ग्राहक पासबुक भरून मागत असला, की ओघ तुटतो. फीत वेगात असल्याने जागच्या जागी थांबू शकत नाही. पुढे घसरते, थांबते, मागे येते, पुन्हा वेग घेते. या मागेपुढे करण्याला अभियंते ‘बूटपॉलिश’ म्हणतात, कारण हालचाल फडक्याने बूट घासल्यासारखी होते. बारा मिनिटांचे काम तासावर जाते आणि फीत व शीर्ष दोन्ही झिजतात. उपाय यंत्राच्या बाहेर होता: सर्वांनी काम संपविल्यानंतर बॅकअप सुरू करायचा. दिवसअखेरची शिस्त त्यामुळेही पडली.

पण ज्या चुकांनी दप्तरे खरोखर बुडाली असतील, त्या इतक्या आवाज करणाऱ्या नव्हत्या. युनिक्समध्ये एकाच टेप ड्राइव्हला दोन नावे असतात. एका नावाने लिहिले तर काम संपताच फीत आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्याने लिहिले तर आहे तेथेच थांबते. पहिल्या नावाने आधी खात्यांची प्रत काढली आणि लगेच कर्जांची, तर कर्जांची प्रत खात्यांवरच लिहिली जाते. पडद्यावर कोणतीही चूक उमटत नाही. दोन्ही आज्ञा यशस्वी, रजिस्टरमध्ये दोन सह्या, फितीवर एकच दप्तर.

दुसरी चूक पत्त्याची. फाइलींची नावे पूर्ण पत्त्यासह फितीवर गेली, तर जुन्या टार आज्ञेने परत काढताना त्या थेट मूळ जागीच उतरतात. मागच्या सोमवारचे एक खाते नुसते पाहावे म्हणून फीत लावावी आणि चालू आठवड्याच्या सर्व नोंदींवर मागचा सोमवार पसरावा.

तिसरी सर्वांत कपटी. ड्राइव्हचे शीर्ष वर्षानुवर्षे किंचित सरकत जाते. ज्या ड्राइव्हने वाकडे लिहिले, तो तितकाच वाकडा असल्याने स्वतःचे लिखाण बिनचूक वाचतो. तपासणीही उत्तीर्ण होते. तो ड्राइव्ह जळाला आणि नवा, सरळ शीर्षाचा ड्राइव्ह आला, की जुन्या सर्व फिती एकाएकी मुक्या होतात. मोडीचे जाणकार सांगतात की प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते आणि काही कागद त्याच्या वळणाशी परिचय असल्याशिवाय लागतच नाहीत. वाकड्या शीर्षाची फीत हा त्याचाच यांत्रिक नमुना.

या सर्व दोषांवर एकच साधा उपाय होता: अधूनमधून दुसऱ्या यंत्रावर फीत लावून प्रत परत काढून पाहणे. तोच सर्वांत कमी केला गेला, असे म्हणण्यास जागा आहे. कारण रजिस्टरमध्ये रकाना होता ‘बॅकअप घेतला’ असा. परत काढून पाहण्यासाठी मोकळा संगणक लागे, मोकळा वेळ लागे, आणि त्या कामाची सही कोणी मागत नसे. येथे दोष यंत्रावर टाकणे सोयीचे, पण अन्यायाचे ठरेल.

महसूल खात्याने मात्र एकदा ही पडताळणी अगदी देशी पद्धतीने आणि मोठ्या प्रमाणावर केली. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातील सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे पाहण्यासाठी तो गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे नाव, क्षेत्र वा हिस्सा चुकला असेल त्याने तेथेच सांगायचे. लेखनातील चुका दुरुस्त करण्याचा मार्ग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ ने दिलेला होताच. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. संगणकशास्त्रात ज्याला मूळ व प्रत यांची पडताळणी म्हणतात, ती करणारा येथे एखादा प्रोग्राम नव्हता. पारावर बसून ‘आमचा बांध लिंबापर्यंत आहे’ म्हणणारा म्हातारा होता.

प्रती दुसऱ्या जागी असल्या तर काय वाचते, याचा धडा राज्याला त्याआधीच मिळाला होता. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरील फाइली जळाल्या. त्यांतील अनेकांची पुनर्बांधणी खालच्या कार्यालयांत राहिलेल्या प्रतींवरून करावी लागली. असल गेले, तालीक कामी आली.

जगातही फितीने अशीच लाज राखली आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या एका नव्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली. गूगलकडे अनेक डेटा सेंटरांत प्रती होत्या, पण दोष त्या सर्वांपर्यंत पोहोचला, कारण त्या सर्व जोडलेल्या होत्या. पत्रे परत आली ती कपाटात निमूट पडलेल्या फितींवरून. यंत्राबाहेर काढलेल्या फितीपर्यंत कोणतीही चुकीची आज्ञा पोहोचत नाही. तिचे हे जुनाट वैशिष्ट्यच आज खंडणीखोर विषाणूंच्या काळात पुन्हा मोलाचे ठरले आहे. मोठ्या डेटा सेंटरांत आजही एलटीओ जातीच्या फिती वापरल्या जातात. २००० मध्ये तिच्या पहिल्या पिढीत १०० गिगाबाइट मावत, २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट.

पण याच एलटीओच्या नियमांत जुनी व्यथा दडली आहे. सुरुवातीच्या पिढ्यांचे ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचत. आठव्या पिढीत ही सवलत एकाच पिढीवर आली. म्हणजे सातव्या पिढीची उत्तम स्थितीतील फीत नवव्या पिढीच्या ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. तीन लिप्यांतून जायला जालन्याच्या सातबाराला शतक लागले. फितीची लिपी काही वर्षांतच बदलते.

चंद्राच्या छायाचित्रांची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९६६-६७ मध्ये नासाच्या पाच लुनार ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठविली आणि ती दोन इंची फितींवर साठविली गेली. फिती सुमारे दीड हजार. त्या वाचणारे ॲम्पेक्स एफआर ९०० हे यंत्र एखाद्या मोठ्या कपाटाएवढे आणि पुढे कोणाच्याच वापरात न राहिलेले. नासातील अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांनी फिती टाकून देऊ दिल्या नाहीत. एवढेच नव्हे, तर अशी चार यंत्रे मिळवून ती स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांभाळली. २००८ मध्ये एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या इमारतीत त्यांची जुळवाजुळव सुरू झाली, एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावण्यात आले, आणि चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे १९६६ मधील चित्र पूर्वी कधी दिसले नव्हते इतके स्पष्ट उमटले. फिती जपणारे पुष्कळ निघाले असते. इव्हान्सबाईंचे मोठेपण यंत्र जपण्यात आहे.

जालन्यात किंवा अन्यत्र एखाद्या बँकेच्या, कारखान्याच्या वा कार्यालयाच्या कपाटात १९९० च्या दशकातील पाव इंची कार्ट्रिज सापडली, तर तिच्याशी वागण्याची रीत मोडी रुमाल उघडण्याइतकीच सबुरीची आहे. ती लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नसते. आधी फिरकी ‘सेफ’कडे वळवायची. मग खोलीच्या हवेत एक दिवस ठेवायची. आतील लवचीक पट्टा तीस वर्षांत बहुधा तुटलेला वा फितीला चिकटलेला असतो. कार्ट्रिज उघडून तो बदलावा लागतो. जुन्या ड्राइव्हमध्येही पाहावे लागते, कारण फीत फिरविणारे रबरी चाक वितळून काकवीसारखे झालेले आढळते, आणि तसेच चालविले तर आतील सर्व भाग माखतात. ते खरवडून तेथे नेमक्या जाडीची रबरी नळी बसविणारे हौशी तंत्रज्ञ जगभर आहेत. मग फीत एकदा सावकाश गुंडाळून घ्यायची आणि एकाच वाचनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी डिस्कवर उतरवून घ्यायची, कारण दुसऱ्या वाचनाची खात्री नसते. आतील फाइली उलगडणे नंतर, त्या उतरविलेल्या प्रतीवर.

आणि उतरवून झाल्यावर पेटीवर तारीख, कार्यालय, वापरलेली आज्ञा आणि ड्राइव्हचे मॉडेल असे सारे लिहून ठेवायचे. आठवड्याच्या फिती आळीपाळीने वापरण्याची तेव्हा पद्धत होती, त्यामुळे जुन्या पेटीवर पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते : ‘सोमवार’.